भुकेची बाटली

मी लहान मुलांची डॉक्टर. जुन्नरला एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझा दवाखाना होता, आणि वरच्या मजल्यावर चार खाटा. आठवड्यातून एकदा घोडेगावलाही जाऊन बसायचे. आता सगळं बंद करून पुण्यात मुलाकडे राहते. नातवाला शिंक आली की सूनबाई त्याला दुसऱ्याच डॉक्टरकडे नेते. मी काही बोलत नाही. आयुष्यभर इतकं बोलले आहे की आता शिल्लक थोडीच असणार.

मी फार ओरडायचे, हे आधीच सांगून टाकते. बाटलीनं दूध पाजणाऱ्या आयांवर ओरडायचे, तापलेल्या पोराला टोपरं-स्वेटर चढवणाऱ्या आज्यांवर ओरडायचे, औषध अर्ध्यावर सोडणाऱ्या बापांवर तर फारच. "त्या खेकसणाऱ्या बाईकडं जा, गुन येतो," असं लोक एकमेकांना सांगत. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट थोडा अभिमानच वाटायचा.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, हलकंफुलकं लिहा, पेशंटचे गमतीदार किस्से वगैरे." किस्से पुष्कळ आहेत. नाकात चिंचोका घातलेली पोरं, आजोबांच्या तंबाखूची चव घेऊन गरगरलेली पोरं. पण लिहायला बसलं की मला उलटीच आठवते. फराळाच्या ताटाशेजारी हे वाचावं लागणार, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

लहान पोरं उलटी करतातच. शिळं खाल्लं, पाणी बाधलं, जंत झाले, खोकून खोकून घसा भरून आला, कारणं ढीगभर. दोन दिवस मीठ-साखरेचं पाणी पाजलं की बहुतेकांचं भागतं. पण उलटीची एक जात निराळी आहे. त्यात मूल एरवी ठणठणीत असतं, खेळतं, शाळेत जातं. आणि एखाद्या पहाटे उठून ओकायला लागतं ते थांबतच नाही. पोटातलं संपतं, मग पिवळं पडतं, मग नुसते उमासे. पाण्याचा घोट टिकत नाही. मूल भिंतीकडे तोंड करून मुटकुळं होऊन पडतं. उजेड नको म्हणतं, आईचा हातसुद्धा नको म्हणतं. एक-दोन दिवस असे जातात आणि बटण बंद करावं तशी उलटी थांबते. मूल उठून बसतं, खायला मागतं. मग महिना-दोन महिने काही नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आयांना समजावताना मी तिला फेऱ्याची उलटी म्हणायचे.

या मुलांचे फार हाल होतात, कारण त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. उलटी चालू असताना आणलं तर डॉक्टर म्हणतो काहीतरी खाल्लंय, आणि थांबल्यावर आणलं तर म्हणतो याला झालंय काय? कुणी जंताचं औषध देतं, कुणी कावीळ उतरवतं, कुणी अपेंडिक्स काढून मोकळं होतं. गुरुजी म्हणतात नाटकं करतो. खरं तर हे दुखणं पोटाचं नसतंच, ते अर्धशिशीचं भावंड आहे. खोदून विचारलं की घरात आईला नाहीतर मावशीला अर्धशिशी निघते. पण पोटातल्या दुखण्याचं मूळ डोक्यात, हे शेवटची एस.टी. पकडायच्या घाईत असलेल्या माणसाला पटवणं सोपं नव्हतं.

उलटी सुरू झाली की सलाईन लावून वाट बघणं एवढंच हातात असतं. खरं काम त्याच्या आधीचं. फेरे वरचेवर येत असतील तर औषध रोज द्यायचं, मूल बरं असताना द्यायचं, महिनोन्‌महिने द्यायचं. मग पुढचा फेरा टळतो, निदान लांबतो. बरं असताना औषध, ही गोष्ट काही कुणाच्या गळी उतरायची नाही. "आता काय न्हाई झालेलं त्याला, मंग कशापायी पाजायचं?" असं मला कितीतरी बापांनी विचारलं असेल. हेच बाप द्राक्षाला रोग यायच्या आधी फवारणी करायचे. मी ते त्यांना तोंडावर ऐकवायचे.

रफिकभाई त्यातले एक. जुन्नर ते घाटघर रस्त्यावर ते जीप चालवत. त्यांच्या आठ वर्षांच्या इम्रानला असे फेरे यायचे. मी त्याला प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी लिहून दिली. अर्ध्या तासात रफिकभाई गोळ्यांची पट्टी हातात धरून परत आले, बाकीच्या पेशंटना ओलांडून थेट टेबलापाशी.

"मॅडम, म्येडिकलवाला म्हनतो ही बीपीची गोळी हाये. आमच्या अब्बांना हीच चालू हाये. एवढ्याशा पोराला बीपी?"

मी नेहमीप्रमाणे सुरू झाले. डॉक्टर कोण, मी का मेडिकलवाला, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरडा तुमी, काय हरकत न्हाई. पन आदी समजावून सांगा, मंग वरडा."

मी समजावून सांगितलं. एकच औषध दोन दुखण्यांना चालतं, मुलाला ते थोडं द्यायचं, एकदम बंद करायचं नाही, नाडीवर लक्ष ठेवायचं. नाडी मोजायला शिकवलं. पुढे हे गृहस्थ जीप भरेपर्यंत प्रवाशांच्याही नाड्या मोजत बसायचे, असं ऐकलं. इम्रानचे फेरे थांबले. रफिकभाईंनी मग वरच्या गावांतलं उलटी करणारं एकही पोर सोडलं नाही, सगळी माझ्याकडे आणून टाकली. निम्म्यांना नुसते जंत असत.

वनितालाही त्यांनीच आणलं.

घाटघरच्या अलीकडे डोंगराच्या कडेला एक वाडी आहे, तिथली ही मुलगी. सात वर्षांची, पण पाच वर्षांची दिसायची. संक्रांतीच्या आसपासचे दिवस होते. रफिकभाईंनी तिला घोंगडीत गुंडाळून उचलून आत आणलं. जीभ कोरडी ठक्क, डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी. मागे दोन बायका. एक तिची आई सीता, कडेवर तान्हं मूल घेतलेली, तिनं पूर्णवेळ तोंड उघडलं नाही. दुसरी तिची थोरली जाऊ द्वारकाबाई. उंच, भरल्या अंगाची, खणखणीत आवाजाची. दोन भावांचं एकत्र घर, दोघांची मिळून सहा पोरं, आणि सहाही पोरं द्वारकाबाईला मोठी आई म्हणायची. घरातलं दाणा-पाणी तिच्या हातात होतं, त्यामुळे बोलायची तीच.

सलाईन लावता लावता मी विचारलं, असं आधी कधी झालं होतं? तारखा तिला ठाऊक नव्हत्या, पण तिनं बिनचूक सांगितलं. "पोळ्याला झालं व्हतं. मंग दसऱ्याच्या फुडं. मंग दिवाळी बरी गेली, पन चंपाषष्ठीला परत. तवा देवरुषाकडं नेली. आन् आता हे. आदल्या दिशी पोर झाडाव चडत व्हती, बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर पोर खाटेवर बसून भाकरी मागत होती. द्वारकाबाई तिच्याकडे बघत म्हणाली, "बगा. आता हिला काय झालंय म्हनावं? मान्सं म्हंत्यात सोंग करती. मी बगितलीया हिला. सोंगानं जीभ आशी वाळत न्हाई."

मला ती बाई त्या क्षणी आवडली. इतक्या जणांना न समजलेली गोष्ट तिनं नुसत्या मायेनं ओळखली होती. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. वनिताला इम्रानची गोळी देता येत नव्हती, कारण लहानपणी तिला बाळदम्याचा त्रास होता, अजूनही थंडीत छाती वाजायची. त्या गोळीनं दमा उसळू शकतो. म्हणून मी दुसरं औषध निवडलं, सायप्रोहेप्टाडिनचं पातळ औषध. ते मूळचं ॲलर्जीचं, पण त्यानं फेरे थांबतात. त्यानं भूकही वाढते. तेव्हा गावोगाव ते भूक लागण्याचं टॉनिक म्हणूनच खपायचं.

"रोज द्यायचं. बरी असली तरी द्यायचं," मी म्हटलं. "आणि हिला उपाशी ठेवायचं नाही. पोट रिकामं राहिलं की फेरा येतो. रात्री तर अजिबात उपाशी झोपवायचं नाही. लक्षात राहील?"

"ऱ्हाईल की," ती म्हणाली.

शिमग्याला वनिता पुन्हा सलाईनवर होती. मी औषधाचं प्रमाण वाढवलं. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा. या वेळी फार उशिरा आणली होती. शीर सापडेना, पायाला टोचलं, हाताला टोचलं, शेवटी कशीबशी सापडली. रफिकभाई दाराशी उभे राहून घाम पुसत होते. अजून एखादा तास वाटेत गेला असता तर पोर हाती लागली नसती, आणि पुढे पावसाळा होता. पावसाळ्यात त्या वाडीपर्यंत जीप जात नसे. मी द्वारकाबाईला विचारलं, औषध देता ना रोज? ती म्हणाली, देवाशपथ, एक दिवस चुकला नाही. तिच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. आई सीता खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, औषधच लागू पडत नाही. आता काय करायचं ते कळेना.

पाऊस सुरू व्हायच्या आधी तालुक्यातल्या आम्ही काही डॉक्टरांनी घाटघरच्या शाळेत मुलांची तपासणी ठेवली होती. काम लवकर आटोपलं. परतताना मी रफिकभाईंना जीप वाडीकडे घ्यायला लावली. तिथून थोडी चढण. आम्ही अंगणात पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

ओट्यावर द्वारकाबाई बसली होती. हातात माझी बाटली आणि चमचा. पुढे सहा पोरं ओळीनं. थोरला चौदा वर्षांचा, धाकटं नुकतं बसायला लागलेलं, सीतेनं धरून बसवलेलं. द्वारकाबाई एकेकाच्या तोंडात अर्धा अर्धा चमचा घालत होती. वनिता ओळीत चौथी होती.

मी जिथे होते तिथूनच ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही. पोरं पळाली, तान्हं रडायला लागलं. द्वारकाबाई जागची हलली नाही. तिला माझ्या ओरडण्याचं कारणच कळलं नव्हतं.

"बाय, ताकदीचं आवशद हाये, म्येडिकलवाल्यानंच सांगितलं," ती म्हणाली. "एकीला द्यायचं आन् पाचजनांनी तोंडाकडं बगायचं? ह्या घरात गुळाचा खडा आला तरी सहा ठिकानी फुटतो. हिची आई न्हाई मी, चुलती हाये. मी जर एकीला निराळं दिलं आन् एकाला न्हाई, तर ह्ये घर एका दिसात मोडंल."

सीतेला हे ठाऊक होतं. पण थोरल्या जावेच्या वाटणीवर बाहेरच्या माणसापुढे बोट ठेवणं तिच्यानं झालं नसतं. मी ओट्यावर बसले. रफिकभाईंचं वाक्य आठवलं आणि आधी समजावून सांगितलं. सहा जणांत वाटल्यानं वनिताच्या पोटात औषध जातं ते नावाला. बाकीच्यांना त्याची गरज नाही, धाकट्याला तर ते घातक आहे.

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "म्हनूनच पोरं आताशा सारखी खायाला मागत्यात व्हय? मला वाटलं वाढीला लागली."

"भूक वाढवतंच ते," मी म्हटलं.

"आन् मंग?"

"मग काय? मग खायला घालायचं!"

ती "बरं" म्हणाली. घराच्या आत कोपऱ्यात तांदळाची कणगी दिसत होती. शेणानं सारवलेली, अंगणातून उंच दिसणारी. ती आत कुठपर्यंत भरली आहे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता, आणि मला ते बघायचं सुचलंही नाही.

त्या दिवसापासून बाटली एकट्या वनिताची झाली. आषाढ गेला, श्रावण गेला, उलटी नाही. पावसात रस्ता बंद व्हायचा तेव्हा द्वारकाबाई डोंगर उतरून, मिळेल त्या गाडीनं औषध न्यायला यायची. रस्ता सुरू झाला की पोरीला घेऊन यायची. दर खेपेला मी वनिताला काट्यावर उभी करायचे आणि काटा पुढे गेलेला असायचा. पोरीच्या गालांवर मांस चढलं, केसांना तुकतुकी आली. दिवाळीला ती आली तेव्हा मी नर्सला हाक मारून दाखवली. असे पेशंट डॉक्टरच्या वाट्याला फार येत नाहीत.

याच काळात द्वारकाबाई वाळत चालली होती. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मी मुलांची डॉक्टर असले तरी आंधळी नव्हते. क्षय असेल म्हणून तिची थुंकी तपासायला लावली, छातीचा फोटो काढायला लावला. काही निघालं नाही. "जेवता ना नीट?" मी विचारलं.

"एक टायम जेवती. व्रत धरलंय वनीसाठी," ती हसत म्हणाली. "तुमी पोरीचं बगा, बाय."

मी चिडले. औषधानं बरी होतेय पोर आणि श्रेय देवाला, वर स्वतःच्या जिवाचे हाल. हे मी तिला चांगलं खडसावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग निघताना तिनं विचारलं, "भूक न वाढवनारं आवशद नसतं का ह्याच्यात?"

"आहे, पण ते हिला चालत नाही. दमा आहे ना हिला," मी म्हटलं. "आणि भूक वाढतेय ते चांगलंच आहे की. कशी भरलीय बघ पोर!"

"भरलीया," ती म्हणाली आणि बाटली पिशवीत ठेवली.

दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, औषध न्यायला ती आली नाही. सीता आली. मी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. "जाऊबाई गेल्या," ती म्हणाली. "ताप आला व्हता चार दिस. पन अंगात काय उरलंच नव्हतं. किती सांगितलं, व्रत सोडा, दोन टायम जेवा. ऐकलं न्हाई."

मी तिला काहीतरी बोलले, आपण अशा वेळी जे बोलतो ते. मनातून मला फार राग आला होता, मेलेल्या बाईचाच. पुढच्या वर्षी मी वनिताचं औषध हळूहळू थांबवलं. फेरे परत आले नाहीत. नारायणगावला आम्हा डॉक्टरांची बैठक भरायची, तिथे मी ही केस सांगितली. औषध सहा जणांत वाटल्याचा भाग आला की सगळे हसायचे. व्रताचा भाग आला की हळहळायचे. औषधानं पोर वाचली आणि अंधश्रद्धेनं बाई गेली, असं मी म्हणायचे. नव्या डॉक्टरांना, नर्सना, शाळेतल्या मुलांपुढे भाषणालासुद्धा हीच गोष्ट सांगितली. सांगून सांगून ती अगदी घोटीव झाली होती.

मग बरीच वर्षं गेली. जीपगाड्या जाऊन त्या रस्त्यावर दुसऱ्या गाड्या आल्या, रफिकभाईंच्या हातात मोबाइल आला, इम्रान नोकरीला लागला. माझ्या टेबलासमोर एके दिवशी एक तरुण मुलगी येऊन बसली. मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा. तिनं हसून विचारलं, "वळखलं का, बाई?" मला ओळख पटली नाही. तिनं मनगट पुढे केलं. शिमग्याच्या आणि आखितीच्या सलाईनचे डाग अजून पुसट दिसत होते.

वनिताला मढ गावी दिलं होतं. नवऱ्याचं माळशेजच्या रस्त्यावर टायरचं दुकान. मुलाला तिचंच दुखणं लागलं होतं. तिनं फेरे सांगितले तेही द्वारकाबाईसारखेच, सणावारांच्या खुणांनी. मला नवीन काही तपासायचंच नव्हतं. मी कागद ओढला आणि सवयीनं त्याच पातळ औषधाचं नाव लिहायला घेतलं. लहान मुलांना पहिल्यांदा तेच देतात.

तिनं कागदावर हात ठेवला. "बाई, ती भुकेची बाटली नको."

"का गं? तुला त्याचाच गुण आला होता."

"आला की. पन ती नको. दुसरं काय आसंल ते द्या."

"घरी खायला आहे ना?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा सुचला.

"आता हाये की. लई हाये. तवा नव्हतं." मुलगा मांडीवर चुळबुळ करत होता, त्याच्या पाठीवर थोपटत ती सांगत राहिली. "पावसाळ्यात आमची कनगी तळाला जायाची, भात निघंपत्तूर. मोठी आई सगळ्यांस्नी मोजून भाकर द्यायची. सारखी. आन् त्या बाटलीनं मला आशी भूक लागायची बाई, जेवून उठलं की परत लागायची. मी रडायची. मंग तिनं व्रत धरलं. सांजच्याला आपल्या वाट्याची भाकर पदराखाली घ्यायची आन् मला गोठ्यात बोलवायची. म्हनायची, डाक्टरीनबाईंनी सांगितलंय, तुला उपाशी झोपवायचं न्हाई. आन् कुनाला सांगू नको, व्रत मोडंल माझं. व्रत हाये म्हटल्याव घरात कोन आग्रेव करील जेवायचा? देवाचं काय नव्हतं त्यात. मला मोठी झाल्याव कळलं."

दवाखान्यात बाहेर पोरं रडत होती, नर्स कुणाला तरी नंबर सांगत होती. मी स्टेथोस्कोप काढला आणि मुलाची छाती तपासली. पुढून तपासली, मागून तपासली, गरजेपेक्षा जास्त वेळ. छाती स्वच्छ होती. कधी धाप लागली होती का? नाही. रात्रीचा खोकला? नाही. याला इम्रानची गोळी चालणार होती, मी ती लिहिली. नाडी कशी मोजायची ते वनिताला दाखवलं. तिला ते लगेच जमलं.

मग शेवटचं वाक्य उरलं. या दुखण्याच्या प्रत्येक आईला मी ते सांगत आले होते, दरडावून, बोट नाचवून. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं. वनिता कागदाची घडी करून उठली, मुलाला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघून तिनंच ते म्हटलं.

"आन् रातचं उपाशी झोपवायचं न्हाई. ठावं हाये मला, बाई."